पब्लिक हाऊस आणि गुत्ता : मद्यविक्रीच्या मालकीहक्काचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :

इंग्रजी भाषेत मद्यपानाच्या सार्वजनिक जागेस 'पब' म्हणतात. 'पब्लिक हाऊस' म्हणजे लोकांसाठी खुले असलेले घर, या शब्दाचे ते संक्षिप्त रूप होय. मराठीत, विशेषतः मराठवाड्यात, दारूच्या दुकानास 'गुत्ता' म्हटले जाते. गुत्ता या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता अथवा ठेका असा आहे. सिरसाळा-परळी परिसरात आजही रस्त्याचे वा इमारतीचे काम घेणाऱ्या ठेकेदारास गुत्तेदार असेच संबोधले जाते. एका समाजाने मद्यविक्रीच्या जागेस 'घर' म्हटले, तर दुसऱ्या समाजाने तिला 'ठेका' म्हटले. हा केवळ भाषिक योगायोग मानता येणार नाही. शब्दांच्या या भेदामागे मालकी, परवाना व महसूल यांचा भिन्न इतिहास दडलेला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात त्या इतिहासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) इंग्लंडमधील ब्रुअरीच्या मालकीच्या पबची व्यवस्था कशी निर्माण झाली याचा आढावा घेणे.
२) मुंबई इलाखा व हैदराबाद संस्थान येथील अबकारी मक्त्याच्या पद्धतीशी तिची तुलना करणे.
३) उत्पादक, शासन व स्थानिक समाज यांपैकी दुकानावर कोणाचा अधिकार चालला, हे तपासणे.

अभ्यास पद्धती :

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रामुख्याने दुय्यम साधनांवर आधारित आहे.

इंग्लंडमधील बांधील मद्यगृहे :

इंग्लंडमध्ये मद्यगृहाचा परवाना देण्याचा अधिकार दीर्घकाळ स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होता. १८३० च्या बिअर कायद्याने या व्यवस्थेस मोठा छेद दिला. करदात्या घरमालकास दोन गिनी भरून अबकारी खात्याकडून थेट बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला आणि देशभर हजारो बिअरगृहे उघडली गेली. १८६९ च्या कायद्याने ही बिअरगृहे पुन्हा न्यायदंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली आणली. परिणामी नवा परवाना मिळणे दुरापास्त झाले व जुन्या परवान्याची किंमत वाढली. ज्या ब्रुअरीला आपला माल हमखास खपवायचा होता, तिला परवाना असलेली इमारतच विकत घेणे सोयीचे वाटू लागले. १८८६ मध्ये गिनेस कंपनीचे भाग बाजारात आल्यानंतर इतर ब्रुअरींनीही सार्वजनिक भांडवल उभारले व त्यातील मोठा वाटा पब खरेदी करण्यावर खर्च केला. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील बहुतांश पब कोणत्या ना कोणत्या ब्रुअरीशी बांधले गेले होते. अशा पबला तेथे 'टाइड हाऊस', म्हणजे बांधील घर म्हणतात.

या पद्धतीचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे. काही पबमध्ये ब्रुअरी पगारी व्यवस्थापक नेमते. इतर पब भाडेकरू चालकास दिले जातात. इमारतीचे भाडे तुलनेने कमी असते, मात्र चालकास बिअर त्याच ब्रुअरीकडून, तिने ठरविलेल्या दराने घ्यावी लागते. भाड्यातील सवलत मालाच्या दरातून वसूल होते. जो पब कोणाशीही बांधील नाही, तो 'फ्री हाऊस' होय. बांधील पबमध्ये चालकाचे स्वातंत्र्य मर्यादित असले तरी ब्रुअरीचे हित इमारतीत दीर्घकाळ गुंतलेले असते. परवाना प्रतिवर्षी नूतनीकरणास येत असे, तथापि गैरवर्तन नसल्यास तो सहसा नाकारला जात नसे. १८९१ च्या शार्प विरुद्ध वेकफिल्ड खटल्यात न्यायदंडाधिकाऱ्यांचा नाकारण्याचा अधिकार मान्य झाला. त्यावर १९०४ च्या परवाना कायद्याने अनावश्यक ठरवून बंद केलेल्या पबच्या मालकास भरपाई देण्याची तरतूद केली. म्हणजेच परवान्यास जवळपास मालमत्तेचे स्वरूप प्राप्त झाले. या स्थैर्यामुळेच ब्रुअरींनी बैठकीच्या खोल्या, शेकोटी व नक्षीदार काचा यांवर खर्च केला आणि पब हे गावाच्या सामाजिक जीवनाचे केंद्र बनले.

फॅव्हरशॅम येथील १६९८ पासूनची परंपरा सांगणारी शेफर्ड नीम, लुईस येथील १७९० मध्ये स्थापन झालेली हार्वेज, टॅडकास्टर येथील सॅम्युअल स्मिथ या प्रादेशिक ब्रुअरी आजही आपले पब बाळगून आहेत. अर्थात, ब्रुअरीची मालकी व गावाची भावना यांत संघर्ष झाला नाही असे नाही. लुईस येथील 'लुईस आर्म्स' हा पब सफोकमधील ग्रीन किंग या मोठ्या ब्रुअरीच्या मालकीचा होता. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने तेथून स्थानिक हार्वेज बिअरची विक्री बंद केली. नेहमीच्या ग्राहकांनी पबवर बहिष्कार टाकला व तो १३३ दिवस चालविला. एप्रिल २००७ मध्ये कंपनीस स्थानिक बिअर परत आणावी लागली. इमारत कंपनीची असली तरी पब आपला आहे, ही लोकांची धारणा येथे निर्णायक ठरली.

मुंबई इलाख्यातील मक्ता :

पश्चिम भारतातील चित्र निराळे होते. कोकण व ठाणे भागात ताडी-माडी आणि मोहाच्या फुलांची दारू ही स्थानिक, घरगुती व हंगामी निर्मिती होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने व चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने आखलेल्या धोरणाने तिचे रूप पालटले. गावोगावच्या भट्ट्या बंद करून उत्पादन केंद्रीय भट्ट्यांत आणले गेले आणि जिल्ह्यातील निर्मिती व विक्री यांचा मक्ता एकाच व्यक्तीस देण्याची प्रथा रूढ झाली. अशा मक्तेदारांत पारशी व्यापाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय होते. मक्तेदार शासनास ठराविक किमान महसुलाची हमी देत असे. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या, तर इंद्रा मुन्शी सालढाणा यांनी ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात या धोरणाचा आदिवासी जीवनावरील परिणाम मांडला आहे. जे कालपर्यंत रिवाज होते, ते गुन्हा ठरले.

वरवर पाहता हा मक्तेदारही इंग्लंडमधील ब्रुअरीप्रमाणे उत्पादन व विक्री दोन्ही हाती ठेवणारा होता. परंतु दोहोंत एक मूलभूत अंतर होते. ब्रुअरीचा हक्क इमारतीत होता, मक्तेदाराचा हक्क मुदतीत होता. मुदत संपल्यावर मक्ता दुसऱ्याकडे जाण्याची शक्यता असल्याने, हमी दिलेली रक्कम व त्यावरील नफा त्याच मुदतीत वसूल करणे त्यास भाग होते. दुकानाच्या जागेवर खर्च करण्यात त्याचे हित नव्हते. परिणामी येथे मद्यगृह उभे राहिले नाही, केवळ विक्रीचा गल्ला उभा राहिला. मद्यपानाविषयीच्या जातीय व धार्मिक धारणांनीही त्यास प्रतिष्ठा मिळू दिली नाही, हे खरे आहे. तथापि केवळ या धारणांवरून दुकानाच्या स्वरूपाचा संपूर्ण उलगडा होत नाही.

या धोरणाविरुद्ध आवाज लवकरच उठला. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी शहरातील वाढत्या दारूदुकानांना पत्राद्वारे विरोध नोंदविला. १८८९ मध्ये डब्ल्यू. एस. केन प्रभृतींच्या प्रयत्नांमुळे भारतातील अबकारी धोरणाची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटमध्ये झाली. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूदुकानांवर निदर्शने झाली. त्यापूर्वीच १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीने निर्मितीचा हक्क व किरकोळ विक्रीचा हक्क एकमेकांपासून वेगळे ठेवण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला, ही बाब विशेष लक्षणीय आहे. जो विकतो त्याच्याच हाती उत्पादन राहिल्यास खप वाढविण्याचे त्याचे हित दुप्पट होते, हे तत्त्व भारतात अशा रीतीने लवकर मान्य झाले.

हैदराबाद संस्थान व बीड परिसर :

सिरसाळा परिसराचा समावेश असलेला बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथे १३१६ फसलीचा हैदराबाद अबकारी कायदा लागू होता. शिंदीच्या झाडांची ताडी, जिला संस्थानात सेंदी म्हणत, हे अबकारी उत्पन्नाचे एक मुख्य साधन होते. झाडावर कर आणि दुकानाचा हर्रास, या दोन टोकांमध्ये ही व्यवस्था उभी होती. बोली जिंकणारा गुत्तेदार शासनाचा प्रतिनिधी म्हणून गावात येई. ग्रामस्थांच्या दृष्टीने दुकान म्हणजे त्याचा गुत्ता. ठेक्याचे नाव दुकानास चिकटले, ते येथेच.

शिंदीचे झाड हे राजसत्तेच्या महसुलाचे प्रतीक बनले होते याचा पुरावा हैदराबाद मुक्तिसंग्रामात सापडतो. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील १९४७ च्या लढ्यात मराठवाड्यात शिंदीची झाडे तोडणे हा आंदोलनाचा एक मान्य कार्यक्रम होता. करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले करण्यामागे जो हेतू होता, तोच या वृक्षतोडीमागेही होता. संस्थानाचे उत्पन्न रोखणे, हा तो हेतू होय. इंग्लंडमधील ग्राहकांनी आपला पब वाचविण्यासाठी बहिष्कार टाकला, तर येथील जनतेने अबकारीचे मूळच छाटले. दोन्ही ठिकाणी लोकांनी अधिकार सांगितला. मात्र एके ठिकाणी तो आपलेपणातून आला व दुसरीकडे परकेपणातून.

स्वातंत्र्योत्तर काळ :

मुंबई राज्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा होऊन १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी लागू झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाल्यावर पुढे हा कायदा येथेही आला. नंतर धोरण शिथिल झाले व १९७३ च्या नियमांनी देशी दारूच्या विक्रीस चौकट मिळाली. साखर कारखान्यांच्या मळीपासून तयार होणारे मद्यार्क हा या देशी दारूचा आधार असल्याने, ऊस व ऊसतोड यांच्याशी बांधलेल्या बीड जिल्ह्याचा या अर्थव्यवस्थेशी दुहेरी संबंध आहे. मळी देणाऱ्या उद्योगात येथील कुटुंबे राबतात आणि दारूचा भारही त्यांतील स्त्रियांवर पडतो. मराठवाड्याची राजधानी मानले जाणारे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे बिअरनिर्मितीचे मोठे केंद्र बनले. परंतु तेथील कारखान्यांतून इंग्लंडसारखी प्रादेशिक मद्यगृहे निर्माण झाली नाहीत. कारखाना, घाऊक विक्रेता व परवानाधारक दुकान अशी वेगवेगळ्या परवान्यांची साखळीच येथे राहिली.

इंग्लंडनेही कालांतराने बांधिलकीचा फेरविचार केला. मक्तेदारी आयोगाच्या अहवालानंतर १९८९ च्या आदेशांनी दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या ब्रुअरींना त्यावरील निम्मे पब बंधमुक्त करण्यास भाग पाडले. लहान प्रादेशिक ब्रुअरी यातून वगळल्या गेल्या. मात्र मोठ्या ब्रुअरींनी सोडलेले पब बहुतांशी मोठ्या मालमत्ता कंपन्यांकडे गेले व चालकांची बांधिलकी नव्या रूपात कायम राहिली. ते आदेश २००३ मध्ये रद्द झाले. अखेर २०१६ मध्ये पाचशे वा अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांसाठी चालकांच्या संरक्षणार्थ आचारसंहिता लागू करावी लागली. केवळ उत्पादक बदलून प्रश्न सुटत नाही, हा या अनुभवाचा धडा होय.

महाराष्ट्रात स्थानिक अधिकाराचा प्रश्न 'आडवी बाटली'च्या रूपाने पुढे आला. शासनाच्या २००८ च्या आदेशानुसार विहित संख्येने महिलांनी मागणी केल्यास मतदान घेतले जाते आणि आडव्या बाटलीस आवश्यक बहुमत मिळाल्यास दुकान बंद होते. इंग्लंडमध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांकडे व २००३ च्या कायद्यानंतर स्थानिक परिषदांकडे असलेला अधिकार येथे मर्यादित स्वरूपात गावातील स्त्रीच्या हाती आला आहे. दुसरीकडे, २०२५ मध्ये मद्यनिर्मिती करणाऱ्या कंपन्यांनाच किरकोळ विक्रीचे नवे परवाने देण्याच्या प्रस्तावावर राज्यात वाद झाला. त्या चर्चेत महसुलाचा मुद्दा ठळक होता. निर्मिती व विक्री वेगळी का ठेवली गेली, हा शतकापूर्वीचा प्रश्न मात्र मागे पडला.

निष्कर्ष :

१) पब व गुत्ता यांतील भेद केवळ संस्कृतीचा नसून परवान्याच्या स्वरूपाचा आहे. स्थिर परवान्याने घर निर्माण केले, मुदतीच्या मक्त्याने गल्ला निर्माण केला.
२) उत्पादकाच्या हाती विक्री देण्याची व्यवस्था इंग्लंडमध्ये टिकली ती तेथील स्थानिक नियंत्रणाच्या जोडीने. ते नियंत्रण वगळून केवळ मालकीचे अनुकरण केल्यास हाती येईल तो पब नसून जुना गुत्ताच असेल.
३) निर्मिती व विक्री यांच्या विभाजनाचे तत्त्व भारतीय अबकारी इतिहासात अनुभवांती आलेले आहे. ते बदलण्यापूर्वी त्यामागील कारणांचा विचार होणे अगत्याचे आहे.
४) दुकानावर अखेरचा शब्द कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याच्या इतिहासात संस्थान, गुत्तेदार व शासन यांनी आळीपाळीने दिले. गावातील स्त्रियांचे मत हे त्या क्रमातील सर्वांत नवे उत्तर आहे. महसुलाच्या हिशोबात त्यास गौण स्थान मिळू नये, असे या अभ्यासाच्या आधारे म्हणता येते.