लाजाळूची पानं मिटतात, पण लाजून नाही!

मंडळी, पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला लाजाळू दिसली की तिला बोट लावल्याशिवाय पुढे जाणारा माणूस विरळाच. पानं मिटतात, आपण हसतो, व्हिडिओ काढतो आणि निघतो. पण त्या दोन सेकंदांत तिथे नेमकं काय घडलं?

लाजाळूच्या प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी आणि पानाच्या देठाशीही एक छोटा फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशी पाण्याने टम्म भरलेल्या असतात. स्पर्श होताच एका बाजूच्या पेशींमधून पोटॅशियम आणि क्लोराईडचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही. मग ती बाजू हवा गेलेल्या ट्यूबसारखी ढिली पडते आणि पान त्या बाजूला वळतं. स्नायू नाहीत, मज्जातंतू नाहीत, सगळा पाण्याचा खेळ!

पुढच्या वेळी घाई न करता बघा. टोकाच्या एकाच पर्णिकेला गवताच्या काडीने हळूच स्पर्श केला तर थोड्याच जोड्या मिटतात. जोरात धक्का दिला तर अख्खं पान देठापासून खाली पडतं. म्हणजे संदेश पुढे जातो, आणि तो विजेचा असतो. जगदीशचंद्र बोस यांनी याच झाडावर प्रयोग करून हे विद्युत संदेश मोजले होते.

हा सगळा खटाटोप कशासाठी? २०२२ साली जपानच्या सैतामा विद्यापीठातल्या संशोधकांनी पानं न हलणारी लाजाळू तयार केली आणि तिच्यावर नाकतोडे सोडले. त्यांनी नेहमीच्या लाजाळूपेक्षा ही जास्त खाल्ली. थोडक्यात, पान मिटणं हा जीव वाचवायचा उपाय आहे. तो फुकट मात्र नाही. पान पुन्हा उघडायला बरीच मिनिटं लागतात आणि तोवर त्याला ऊन कमी मिळतं, म्हणजे अन्नही कमी तयार होतं. एकाच रोपाला दहादा टिचक्या मारणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आणखी एक गंमत. आपण जिला अस्सल गावरान समजतो ती लाजाळू मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली आहे. आपल्याकडची खरीखुरी रानातली वनस्पती वेगळीच: बायोफायटम. ही आंबुशीच्या कुळातली. वीतभर उंचीची, बिनकाट्यांची, आणि टोकाला छत्रीसारखी पसरलेली पानं. फुलं गुलाबी गोंड्यासारखी असतील तर ती लाजाळू, पिवळी आणि पाच पाकळ्यांची असतील तर बायोफायटम. हिचीही पानं मिटतात, फक्त जरा सावकाश.