लेपाचा इतिहास : खानदेशातील शाईपासून नॅनोकणांपर्यंत

प्रस्तावना

नॅनोतंत्रज्ञानाच्या इतिहासात कणांच्या सूक्ष्मतेची चर्चा विपुल होते. कणांवरील लेपाची मात्र क्वचितच होते. वस्तुतः झिर्कोनियासारख्या सिरॅमिक द्रव्याचे २० नॅनोमीटर व्यासाचे कण रेझीनमध्ये नुसते मिसळले, तर ते परस्परांना चिकटतात. मिश्रण दुधाळ होते व कालांतराने तळाशी गाळ बसतो. पृष्ठभागावर योग्य लेप असेल तर तेच मिश्रण पारदर्शक आणि स्थिर राहते. सूक्ष्मता ही पूर्वअट आहे, पण निर्णायक घटक लेप हा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असून त्यासाठी धुळे व जळगाव या जिल्ह्यांशी निगडित तीन टप्प्यांचा विचार केला आहे.

पहिला टप्पा : काजळ आणि डिंक

धुळे येथील समर्थ वाग्देवता मंदिर आणि १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ यांच्या संग्रहांमुळे हे शहर हस्तलिखितांच्या अभ्यासकांना परिचित आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेचाच आहे. जुन्या काळ्या शाईची एक प्रचलित कृती अशी : काजळ, बाभळीचा डिंक व पाणी एकत्र करून दीर्घकाळ खलणे. काजळाचे मूळ कण काही दशक नॅनोमीटरांचे असतात. परंतु कार्बन पाण्याने भिजत नाही. डिंकातील प्रथिनयुक्त भाग कार्बनच्या पृष्ठभागाला धरतो व शर्करेच्या साखळ्या पाण्यात पसरतात. या साखळ्यांमुळे दोन कण निकट येऊ शकत नाहीत. खलण्याने गुठळ्या फुटतात, पण त्या पुन्हा होऊ न देण्याचे काम डिंकाचे असते.

या अनुभवाला शास्त्रीय भाषा पुढे युरोपात मिळाली. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या माणिकवर्णी कलिलाचा अभ्यास मांडला. रिचर्ड झिग्मोंडी यांनी डिंक, जिलेटिन आदींची संरक्षणशक्ती मोजण्यासाठी ‘सुवर्णांक’ ही कल्पना योजली. कलिलविषयक कार्याबद्दल त्यांना १९२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा टप्पा : लेपित कॅल्शियम कार्बोनेट

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जळगाव हे पीव्हीसी पाइप व प्लॅस्टिक चटयांच्या उद्योगाचे केंद्र बनले. पीव्हीसी पाइपाच्या मिश्रणात कॅल्शियम कार्बोनेटची पूड हे नित्याचे भरणद्रव्य होय. ही पूड जलस्नेही, तर बहुवारिक जलद्वेषी. म्हणून पुडीला स्टिअरिक आम्लाचा लेप देतात. आम्लाचे टोक कॅल्शियमशी बद्ध होते आणि लांब हायड्रोकार्बन शेपूट बाहेर राहते. डिंकाने काजळाला पाण्याशी जुळवून घेतले. येथे स्टिअरिक आम्ल खडूला प्लॅस्टिकशी जुळवून देते. माध्यम बदलले, तत्त्व तेच राहिले.

तिसरा टप्पा : नॅनोकण आणि पारदर्शकता

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. येथील रासायनिक तंत्रज्ञान विभागात प्रा. सत्येंद्र मिश्रा व सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या सान्निध्यात कॅल्शियम कार्बोनेटचे नॅनोकण तयार केले आणि पॉलिप्रॉपिलीन व रबर यांतील त्यांच्या परिणामांचा अभ्यास केला. या पद्धतीत कण जन्मतानाच बहुवारिकाने वेढला जातो व त्याची वाढ मर्यादित राहते.

लेपाची गरज येथे किती वाढते, हे साध्या गणिताने कळते. २ मायक्रोमीटर व्यासाच्या कॅल्शियम कार्बोनेटच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे १.१ चौरस मीटर असते. २० नॅनोमीटरला ते सुमारे १११ चौरस मीटर होते. लेपद्रव्यही त्याच पटीत लागते.

पॉलिप्रॉपिलीन वा रबर यांत मुख्य अपेक्षा बळकटीची असते. पारदर्शक रेझीनची कसोटी अधिक कठोर आहे. रॅले यांच्या १८७१ मधील सिद्धांतानुसार, तेवढ्याच द्रव्याकडून होणारे प्रकाशाचे प्रकीर्णन कणव्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. २० नॅनोमीटरच्या कणांच्या १०० नॅनोमीटरच्या घट्ट गुठळ्या झाल्या, तर ते सुमारे १२५ पट होईल. झिर्कोनियाचा अपवर्तनांक सुमारे २.१ व सामान्य रेझीनचा १.५ असल्याने ही गढूळता विशेष जाणवते. अशा ऑक्साइडांच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांशी सिलेन संयुगे बद्ध होतात व त्यांचे दुसरे टोक रेझीनशी जुळते. राफेल बोवेन यांनी १९६२ मध्ये दंतवैद्यकीय रेझीनसाठी सिलेनलेपित सिलिका वापरली, तेव्हा हाच सेतू उपयोगी पडला होता.

निष्कर्ष

तिन्ही टप्प्यांत परस्परांशी न जुळणारे दोन पदार्थ तिसऱ्या पदार्थाच्या पातळ थराने एकत्र नांदले. मात्र हस्तलिखिते इतिहास विभागाकडे, पाइप कारखान्याकडे आणि नॅनोकण विद्यापीठाकडे, अशी या ज्ञानाची विभागणी झाली. अध्यापनाच्या दृष्टीने ही हानी आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक प्रत्येक महाविद्यालयास परवडणारा नाही. परंतु काजळ, डिंक, खडूची पूड व स्टिअरिक आम्ल कोणत्याही प्रयोगशाळेत मिळू शकते. लेपित व अलेपित पूड पाण्यावर टाकली, तर एक तरंगते व दुसरी बुडते. एवढ्या प्रयोगानेही विद्यार्थ्याला पृष्ठभागाचे महत्त्व उमगेल. खानदेशातील महाविद्यालयांनी नॅनोविज्ञानाची सुरुवात महाग उपकरणाच्या प्रतीक्षेत न थांबता येथून करणे शक्य आहे.