नुसते खडे काढून का भागत नाही?

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले की आपल्याकडे नवीन जालन्यात घरातलं कुणीतरी विचारतंच, “खडे काढा ना, अख्खी पिशवी कशाला?” प्रश्न रास्त आहे, आणि जुनाही. पूर्वी सर्जन तेच करायचे. पण खडे पुन्हा व्हायचे. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखचं म्हणणं असं की, पिशवीत खडे आहेत म्हणून नव्हे, पिशवीच ते बनवते म्हणून ती काढायची. १५ जुलै १८८२ ला त्याने ४३ वर्षांच्या एका माणसाचं पित्ताशय काढलं. तो माणूस १६ वर्षं कळा सोसत होता, मॉर्फिनच्या आहारी गेला होता. बरा होऊन घरी गेला.

पुढची शंभर वर्षं पोट उघडूनच काम चाललं. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिश म्युहेने हे दुर्बिणीतून केलं, तर तिथल्या सर्जनमंडळींनी नाकं मुरडली. आपल्याकडे असं पहिलं ऑपरेशन १९९० मध्ये झालं ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमतन उडवाडियांच्या हातून. सरकारी दवाखान्यात, बरं का! १९७२ पासूनच ते तिथे दुर्बिणीने पोट तपासत होते.

आता आपल्या ‘पित्त’ या शब्दाचा घोळ. पित्त बनतं यकृतात, पिशवी फक्त साठवते. ती काढली की पित्त थेट आतड्यात उतरतं. त्यामुळे छातीतली जळजळ, जिला आपण ‘पित्त झालं’ म्हणतो, ती या ऑपरेशनने जाईलच असं नाही. आणि त्रास न देणारे खडे बहुधा तसेच राहू देतात. पण ताप, कावीळ, न थांबणारी कळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.