मदरबोर्डमुळे संगणकाचा वेग वाढतो का? प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डावरील परिणामाचा आढावा

जयपूर : संगणक असेंबल करून घेताना प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक्स कार्ड कोणते, हे ग्राहक बहुधा आधीच ठरवून येतो. अडखळतो तो मदरबोर्डपाशी. एकाच प्रोसेसरला चालणारे स्वस्त आणि महाग असे अनेक मदरबोर्ड बाजारात असतात आणि त्यांच्या किमतींत दुपटी-तिपटीचा फरक असतो. महाग मदरबोर्ड घेतल्यास संगणक अधिक वेगाने चालतो का, या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, मदरबोर्ड वेग निर्माण करत नाही. मात्र अयोग्य मदरबोर्ड असलेला वेग रोखू शकतो.

रत्ने व दागिन्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या जयपूरमध्ये हा प्रश्न केवळ गेम खेळणाऱ्या तरुणांपुरता मर्यादित नाही. दागिन्यांचे आराखडे आता मोठ्या प्रमाणावर संगणकावर तयार होतात. राइनोसारख्या सॉफ्टवेअरवर अंगठी किंवा हार रेखाटल्यानंतर ग्राहकाला दाखवण्यासाठी त्याची हुबेहूब प्रतिमा तयार केली जाते. या कामाला ‘रेंडरिंग’ म्हणतात. कीशॉटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते प्रोसेसरवर चालते, तेव्हा प्रोसेसरचे सर्व गाभे दीर्घकाळ पूर्ण क्षमतेने राबतात. मदरबोर्डची खरी परीक्षा अशाच वेळी होते.

वीजपुरवठ्याची भूमिका

संगणकाच्या पॉवर सप्लायकडून मदरबोर्डला १२ व्होल्टची वीज मिळते. प्रोसेसरला मात्र साधारण एक ते दीड व्होल्टच लागतात. हे रूपांतर मदरबोर्डवरील ‘व्हीआरएम’ हा वीज-नियंत्रक भाग करतो. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १२५ वॅट, तर कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. एवढी वीज कमी व्होल्टवर पुरवताना सुमारे दोनशे अँपिअर प्रवाह या भागातून वाहतो आणि तो तापतो. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास भाग जळू नयेत म्हणून प्रोसेसरचा वेग आपोआप कमी केला जातो.

येथे हवामानाचाही संबंध येतो. जयपूरमध्ये मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. नागपूर, चंद्रपूर, अकोला येथील वाचकांनाही हा उन्हाळा परिचित आहे. खोलीतील हवा दहा अंशांनी तापली, तर संगणकातील भागांचे तापमानही साधारण तेवढेच वाढते. त्यामुळे हिवाळ्यात सुरळीत चालणारा, वीज-नियंत्रकावर उष्णता शोषणारे धातूचे आवरण नसलेला मदरबोर्ड भर उन्हाळ्यात बंदिस्त खोलीत मंदावू शकतो. ६५ वॅट मूळ मर्यादेच्या मध्यम प्रोसेसरला ही अडचण क्वचितच येते. पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट अशा कामांत तर स्वस्त व महाग मदरबोर्डमधील फरक जाणवतही नाही.

ग्राफिक्स कार्डावर कितपत परिणाम?

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत हा परिणाम आणखी कमी असतो. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला कमाल ७५ वॅट वीज मिळते. शक्तिशाली कार्डे उरलेली वीज थेट पॉवर सप्लायकडून घेतात. मदरबोर्ड प्रामुख्याने माहितीच्या ये-जा करण्याचा मार्ग पुरवतो. पीसीआय एक्स्प्रेस नावाच्या या मार्गाच्या तिसऱ्या पिढीत १६ पदरी स्लॉटची क्षमता एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट आहे, तर चौथ्या पिढीत ती दुप्पट आहे. तरीही १६ पदर वापरणाऱ्या कार्डात दोन पिढ्यांमधील फरक बहुतेक वेळा काही टक्क्यांपुरताच राहतो.

याला महत्त्वाचा अपवाद आहे तो स्वस्त कार्डांचा. जानेवारी २०२२ मध्ये आलेले एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड केवळ चार पदर वापरते आणि त्याची स्वतःची मेमरी ४ गिगाबाइट आहे. तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर त्याचा मार्ग निम्मा होतो आणि मेमरी अपुरी पडताच कामगिरी लक्षणीयरीत्या घसरते. जुन्या संगणकात स्वस्त कार्ड बसवू पाहणाऱ्यांनाच हा फटका बसतो. शिवाय अनेक मदरबोर्डवरील दुसरा लांब स्लॉट दिसायला १६ पदरी असला, तरी प्रत्यक्षात चारच पदर पुरवतो. म्हणून कार्ड प्रोसेसरलगतच्या पहिल्या स्लॉटमध्येच बसवावे.

बायोसमधील सेटिंग

मदरबोर्डच्या बायोसमधील सेटिंगही तितकीच महत्त्वाची आहे. ६००० वेगाची डीडीआर५ रॅम विकत घेतली, तरी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल सुरू न केल्यास ती बहुधा ४८०० वेगानेच चालते. एकच रॅम बसवल्यास दोन रॅमच्या तुलनेत माहितीचा मार्ग निम्मा राहतो. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर काम करणाऱ्यांना ही उणीव विशेष जाणवते.

सेटिंगचा अतिरेकही घातक ठरतो. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० मालिकेतील प्रोसेसर अधिक व्होल्टमुळे जळाले. त्यानंतर कंपनीने संबंधित व्होल्टची मर्यादा १.३ अशी निश्चित केली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा मदरबोर्डमधील सैल वीजमर्यादांकडे प्रथम बोट दाखवले गेले. पुढे प्रोसेसरच्या मायक्रोकोडमुळे जादा व्होल्ट मागितले जात असल्याचे इंटेलने मान्य केले. त्यावरील दुरुस्ती बायोस अपडेटद्वारे देण्यात आली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवण्यात आली. असे प्रोसेसर वापरणाऱ्यांनी बायोस अद्ययावत असल्याची खात्री करून घेणे आवश्यक आहे.

खरेदी करताना

मर्यादित खर्चात आधी प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड ठरवावे. त्यानंतर प्रोसेसरची कमाल वीजमर्यादा पेलणारा, वीज-नियंत्रकावर धातूचे आवरण असलेला, रॅमसाठी पुरेसे स्लॉट देणारा आणि कार्डाच्या पिढीशी जुळणारा मदरबोर्ड निवडावा. त्याहून अधिक किमतीत जादा जोडण्या, वाय-फाय, ओव्हरक्लॉकिंगची सोय आणि शोभेचे दिवे मिळतात. वेग मिळत नाही. ती रक्कम अधिक चांगला प्रोसेसर किंवा अधिक रॅम घेण्यासाठी वापरल्यास तिचा उपयोग प्रत्यक्ष कामात दिसतो.