मागे राहिलेलं घर आणि पंच

आत्महत्येच्या कायद्याचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा गेलेल्या माणसाबद्दलच बोलतो. आज मागे राहिलेल्या घराकडे बघू. शिक्षा भोगायला शेवटी तेच उरतं.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आत्महत्या म्हणजे स्वतःचा खून, असा गुन्हाच होता. माणसानं हे शुद्धीत केलं असं ठरलं, की त्याला चौरस्त्यावर, देहात खुंटी ठोकून पुरायचे. घरातली गुरं, भांडी, अवजारं, रोकड राजाकडे जमा. म्हणजे नवरा गेला आणि पाठोपाठ संसारही गेला. हे ठरवायचं कोण? तर कॉरोनरपुढे बसलेले त्याच भागातले ज्युरी. पण 1660 नंतर हेच ज्युरी 'वेडाच्या भरात केलं' असा निकाल वाढत्या प्रमाणात देऊ लागले. कधी मालमत्तेची किंमतच नाममात्र लावायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक निकाल वेडाचेच होते. चौरस्त्यावरचं दफन बंद झालं 1823 मध्ये, जप्ती रद्द झाली 1870 मध्ये. कायदा बदलण्याआधी कितीतरी वर्षं माणसांनी तो वाकवला होता.

या दयेलाही किंमत होतीच. संसार वाचला, पण घरावर वेडाचा शिक्का बसला.

इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेतून आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम 309 आपल्याकडे आलं. जप्ती आली नाही. पण घराची झडती आजही होते, वेगळ्या रूपात. महाराष्ट्र सरकारने 2005 मध्ये आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या वारसांना 1 लाख रुपयांची मदत ठरवली. त्याआधी जिल्ह्याची समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते बघते. जमीन कुटुंबाच्या नावावर होती का? कर्ज कागदावर आहे का? वसुलीचा तगादा होता का? तोंडी व्यवहारातलं कर्ज बाई दाखवणार कसं? तिथे 'अपात्र' शेरा बसला, की गावातही कुजबुज सुरू होते: दारू पीत असेल, घरात कटकट असेल, तिचंच काही असेल. सरकारी शब्द प्रकरणाचा असतो, चिकटतो मात्र बाईला.

तिकडे संसार वाचवायला वेड सिद्ध व्हावं लागायचं, इकडे मदतीसाठी कर्ज सिद्ध करावं लागतं. दोन्हीकडे दुःख करायच्या दिवसांत घराला उत्तरं द्यावी लागतात.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवू. आपल्याकडेही मृत्यूच्या पंचनाम्यावर सही करणारे पंच त्याच वस्तीतले असतात. म्हणजे आपणच. समितीचे निकष आपल्या हातात नाहीत, पण त्या घराबद्दल काय बोलायचं ते आहे.