गाविलगडावरच्या कंपनीच्या बंदुका

१५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड पडला. किल्ल्यातल्या लुटीची मोजदाद झाली तेव्हा ५२ तोफा, तटावरून डागायच्या १५० जेजाला आणि तब्बल २००० इंग्रजी बंदुका भरल्या. आर्थर वेलस्लीच्या अहवालातही आहे की बेनीसिंग किल्लेदाराचे शिपाई कंपनीच्याच बंदुका आणि संगिनी घेऊन लढले.

इंग्रजांकडे चांगली बंदूक होती, आपल्याकडे नव्हती, म्हणून आपण हरलो, असे आपल्या मनात शाळेपासून बसलेले असते. निदान वऱ्हाडात तरी हे खरे नाही. दोन्ही बाजूंच्या खांद्यावर एकच बंदूक होती.

मी राहतो मोझरीत. गुरुकुंजातल्या माणसाने बंदुकांचा नाद करावा याचे गावात हसू होते, ते साहजिकच आहे. पण मला नेमबाजीत रस नाही. निकामी झालेल्या जुन्या बंदुकांचे चाप, नळ्या, दस्ते पाहणे आणि त्यांवरचे शिक्के वाचणे, एवढाच माझा छंद.

ती बंदूक होती कशी? नळी ३९ इंची, तोंड पाऊण इंचाचे, वजन साडेचार किलोच्या आसपास. कंपनीने १७७०च्या सुमारास आपल्या फौजेसाठी हा आखूड, स्वस्त नमुना ठरवला. पुढे फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर खुद्द इंग्लंडच्या सरकारला आपल्या लष्करासाठी तोच उचलावा लागला. हिंदुस्थानासाठी केलेली बंदूक पुढे वॉटर्लूलाही लढली. आपल्याकडची तोड्याची बंदूक हिच्यापेक्षा लांब पल्ल्याची असे, पण जळता तोडा सांभाळत ती भरायला फार वेळ लागे. हिला तोडा नाही. घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी कानातल्या रंजकीवर पडते आणि बार उडतो. कवायत पक्की असलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. शंभर पावलांपलीकडे मात्र नेम लागेल याचा भरवसा नव्हता. म्हणून तर रांगेने उभे राहून एकदम बार काढायचे आणि मग संगिनी रोखून धावायचे.

अशा बंदुका भोसल्यांच्या शिलेखान्यात आल्या यात आश्चर्य नाही. कंपनी मित्र राजांना हत्यारे देई, बाद केलेला माल बाजारात जाई, फितूर शिपाई बंदुकीसह पळत. शिंद्यांनी तर आग्र्याला कारखानाच काढला होता. सँगस्टर नावाचा स्कॉट माणूस तिथे विलायती तोडीची बंदूक दहा रुपयांत करून देई.

मग हरलो कुठे? २९ नोव्हेंबर १८०३ ची अडगावची लढाई पाहा. हे अडगाव अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात. लढाईच्या सुरुवातीला भोसल्यांच्या तोफांनी कंपनीच्या पलटणी अक्षरशः पळवल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना थोपवले, पुन्हा रांगेत उभे केले आणि संध्याकाळपर्यंत ३८ तोफा घेतल्या. पळालेली पलटण तासाभरात परत उभी राहते, ही बंदुकीची करामत नव्हे. वेळेवर पगार, ओळखीचा अधिकारी आणि रोजची कवायत यांची ती होती. अडगावहून निसटलेले बेनीसिंगाचे पायदळ गाविलगडात शिरले. तिथे स्टीव्हन्सनच्या माणसांनी डोंगरातून रस्ता काढून जड तोफा उत्तरेला लबाड्याकडून आणल्या. बाहेरच्या तटाला खिंडार पडले, आणि आतल्या तटावर कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून चढली. बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. त्या दोन हजार बंदुका किती माणसांच्या हातांत होत्या आणि किती कोठारात पडून होत्या, माझ्या मते खरा प्रश्न तो आहे.

आता शिक्क्यांविषयी. कंपनीच्या चापावर १८०८ पर्यंत बदामाच्या आकाराचे चार भागांत चिरलेले चिन्ह असे, त्यात कंपनीची आद्याक्षरे. त्यानंतर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. म्हणजे बदाम दिसला तर तो चाप गाविलगडाच्या काळातला असू शकतो, सिंह दिसला तर नाही. देशी कारागीर हा बदाम हुबेहूब कोरत, अक्षरे मात्र उलटी पडत. मला अशी नक्कल अस्सलापेक्षा जास्त मोलाची वाटते. अशीच बंदूक कोणी ‘शिवकालीन’ म्हणून विकायला आणले तर हात जोडून निघून यावे.

वऱ्हाडातल्या या बंदुका संपल्या त्या दोन कारणांनी. १८४०नंतर गारगोटीचे चाप काढून टोपीचे बसवले गेले. कान गेला, जुनी भोके बुजवली गेली. आणि १८७८च्या कायद्याने परवाना लागू लागल्यावर लोकांनी भीतीने नळ्या विहिरीत टाकल्या किंवा लोहाराला दिल्या. ही भीती अजून गेलेली नाही. वास्तविक १९५९च्या कायद्याच्या ४५व्या कलमाने, दुरुस्त करूनही उडणार नाही अशा पुरातन हत्याराला सूट दिली आहे. हे सांगूनही लोक माळ्यावरचा चाप दाखवत नाहीत.

तेल्हाऱ्याकडच्या एका घरी मात्र गोठ्यात बैल बांधायचा खुंटा दाखवला. बुडखा वर करून ठोकलेली नळी होती ती. घासून पाहिले, तर मुकुट आणि त्याखाली जी. पी., लंडनच्या बंदूककारांची पारख झाल्याची खूण. खुंटा उपटून मोजला. बरोबर ३९ इंच. अशा नळ्या पुढे चाळीस वर्षे येतच होत्या, तेव्हा ही अडगावचीच असे मी म्हणणार नाही. घरमालकाने ती पुन्हा जागेवर ठोकली आणि बैल बांधला.