तळटीप : बंद पडलेले आतडे आणि स्टेंट

* लेखक स्टेंटला इथे ‘ऑपरेशनचा पर्याय’ म्हणतात. कॅन्सर इतरत्र पसरून ऑपरेशन निरर्थक झाले असेल तर ते बरोबर. एरवी स्टेंटमुळे मिळतो तो वेळ. मोठ्या आतड्याचा डावा भाग कॅन्सरच्या गाठीने बंद पडला, की तातडीच्या ऑपरेशनमध्ये बहुतेकदा शौचासाठी पोटावर कृत्रिम वाट (स्टोमा) काढावी लागते. दुर्बिणीतून गाठीपलीकडे तार सरकवून तिच्यावरून नायटिनॉल या मिश्रधातूची जाळीदार नळी, म्हणजेच स्टेंट, सोडली, तर ती हळूहळू फुलून वाट मोकळी करते. गाठ तिथेच राहते. पण फुगलेले आतडे ओसरते, शरीरातले पाणी-क्षार भरून निघतात आणि ऑपरेशन ठरवून करता येते. आक्षेप असा, की नळीने आतडे फाटले तर कॅन्सरच्या पेशी पोटात सांडतील. ही भीती पोकळ नाही; नेदरलँड्समधील स्टेंटची एक चाचणी (निष्कर्ष २०११) गुंतागुंतींमुळे मुदतीआधीच थांबवावी लागली. मात्र ब्रिटनच्या ‘क्रेस्ट’ चाचणीत (२०२२) तातडीच्या ऑपरेशनच्या गटात सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना स्टोमा लागला, स्टेंटच्या गटात निम्म्याहून कमी जणांना. आणि तीन वर्षांच्या जगण्यात फरक दिसला नाही. धोका खरा असला तरी तो बराचसा स्टेंट घालणाऱ्या हातांवर अवलंबून असतो, असे आम्हांला वाटते. आतडे आधीच फाटले असेल तर अर्थात स्टेंटचा प्रश्नच उरत नाही. — संपादक